खेतवाडीचा शिकारी मुलगा : डॉ. सालीम अली

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून गिरगावच्या वाड्या मागे टाकीत उत्तरेस चालू लागले म्हणजे थोड्याच वेळात खेतवाडीच्या गल्ल्या लागतात. आज तेथे इमारतीस इमारत चिकटलेली आहे, व आकाश पाहावयाचे तर मान बरीच वर करावी लागते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच खेतवाडीत ऐसपैस घरे होती, घरांच्या आवारात झाडे होती, आणि घोड्यांचे तबेलेही होते. अशाच एका घरी एक पोरका मुलगा छऱ्यांची बंदूक हातात घेऊन चिमण्यांच्या पाळतीवर तासन् तास बसत असे. हाच मुलगा पुढे भारतातील पक्ष्यांचा सर्वांत थोर जाणकार म्हणून जगभर नावाजला गेला. त्यांचे चरित्र ह्या अंकात आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. सालीम अलींचे प्राथमिक शिक्षण गिरगावातील झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या शाळेत, आपल्या दोघी बहिणींबरोबर झाले होते. तेव्हा मिशनच्या शाळेतील मुलांस ते अगदीच परके नाहीत. शिवाय फावल्या वेळात काय करावे, ह्या वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याचा मार्ग ठरविला, आणि हा प्रश्न तर आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी सुटी लागताच उभा राहतो.

त्या काळी सुखवस्तु गृहस्थाच्या करमणुकीची साधने मुख्यतः दोन असत. एक बंदूक व दुसरा गळ. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे तळ्यांवर उतरले की साहेब लोक व त्यांचे पाहून आपले संस्थानिक बंदुका सरसावून निघत. ज्यांस बंदुकीचा बार सोसवत नसे, ते नदीकाठी गळ टाकून बसत; आपल्या नद्यांतील महसीर किंवा इंग्रजांनी विलायतेहून आणून काश्मीरच्या व निलगिरीच्या थंड ओढ्यांत सोडलेला ट्राउट मासा हे त्यांचे लक्ष्य असे. ट्राउटला भुलविण्यासाठी गळाला खरा किडा लावीत नाहीत. पिसांची व रेशमाच्या धाग्याची एक खोटी माशी बांधून ती पाण्यावर अलगद टेकवितात, आणि मासा फसला म्हणजे खेळ रंगतो. ही खोटी माशी बांधण्यासाठी आमच्या सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांस विलायतेत फार मागणी होती. ह्या पिसांवर मेणासारखे चकाकणारे ठिपके असतात. मासे धरण्याच्या शांत खेळासाठी हजारो मैलांवरच्या अरण्यात कोंबडे मारले जात. रानपाखरांची पिसे परदेशी पाठविण्यास सरकारने 1902 साली बंदी घातली, तरी चोरटा व्यापार पुष्कळ वर्षे चालला. म्हणजे नदीकाठचा तो गृहस्थ आपण बंदुकीपासून दूर आहो असे मानी, तेव्हाही बंदूक त्याच्या गळाच्या टोकाशीच असे.

तरीही ह्या दोन छंदांत एक भेद आहे, व तो विसरून चालणार नाही. गळाला लागलेला मासा, मनात आल्यास, पुन्हा पाण्यात सोडता येतो. बंदुकीची गोळी लागलेले पाखरू पुन्हा आकाशात सोडता येत नाही. आपल्या लोकांस तर गळावाचूनही माशांचा आनंद घेणे ठाऊक आहे. महाडजवळ वाळणकोंड येथील डोहात देवाचे मासे म्हणून महसीर पाळलेले आहेत. लोक त्यांस खाणे घालतात, डोळे भरून पाहतात व घरी जातात. सालीम अलींच्या चरित्रात हाच भेद निराळ्या रीतीने पुढे येईल. म्हणून तो येथे सांगून ठेवला.

सालीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन वारले व तीन वर्षांचे असताना आई झीनतउन्निसा ह्याही गेल्या. त्या सर्व पोरक्या मुलांस त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व निपुत्रिक मामी हमीदा बेगम ह्यांनी आपल्या खेतवाडीच्या घरी आणून वाढविले. गांधीजींचे सहकारी म्हणून प्रसिद्ध झालेले अब्बास तय्यबजी हे ह्याच घराण्यातील. अमीरुद्दीन मामा पट्टीचे शिकारी होते. घरात शिकारीच्या गोष्टी, भिंतींवर शिकारीच्या खुणा, व मुलाच्या मनात एकच इच्छा, ती म्हणजे मोठे होऊन नामांकित शिकारी व्हावे. मामांनी त्यास एक छऱ्यांची बंदूक बक्षीस दिली. अशी बंदूक हाती आलेला दहा वर्षांचा मुलगा काय करतो, हे पालकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु ह्या मुलाने एक गोष्ट अशी केली की, जी बहुतेक मुले करीत नाहीत. त्याने लिहून ठेवले. 1906–07 च्या सुमारास त्याने केलेले एक टिपण उपलब्ध आहे. तबेल्यातील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली असे, व नर बाहेरच्या एका खिळ्यावर पहारा करी. तबेल्यात उभ्या असलेल्या गाडीच्या आड लपून ह्या मुलाने तो नर टिपला. थोड्याच वेळात त्या चिमणीने दुसरा नर आणला व तो त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलाने तोही मारला. अशा रीतीने सात दिवसांत त्याच जागी त्याने आठ नर मारले, आणि दर वेळी मादीपाशी नवा नर जणू तयारच होता. ही हकिकत वाचताना आमच्या मनास प्रथम क्लेश झाले, हे आम्ही लपवीत नाही. आठ जीव एका पोराच्या खेळापायी गेले. तथापि हे टिपण पुन्हा वाचले असता त्यात नेमबाजीची बढाई फारशी आढळत नाही; त्या मुलाचे सारे लक्ष गुंतले आहे ते चिमणीच्या वागण्यात. एवढ्या लवकर दुसरा नर कोठून येतो? साठ वर्षांनंतर हे टिपण पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत प्रसिद्ध झाले, आणि त्यात फेरफार करण्याची गरज मोठ्या वयाच्या सालीम अलींस वाटली नाही.

पुढे 1908 साली ती प्रसिद्ध गोष्ट घडली. सालीमने नेहमीप्रमाणे एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही चिमणी नेहमीची नव्हे. तो ती मामांकडे घेऊन गेला. अमीरुद्दीन मामांसही तिचे नाव सांगता येईना. येथे दुसऱ्या एखाद्या मामाने, असेल कोणती तरी, असे म्हणून विषय संपविला असता. अमीरुद्दीन मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी होते. त्यांनी संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस्. मिलर्ड ह्यांच्या नावे चिठ्ठी लिहून मुलास ती मेलेली चिमणी घेऊन फोर्टात पाठविले.

ह्या संस्थेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तिची स्थापना 1883 साली मुंबईत झाली, आणि तिच्या आठ संस्थापकांत दोघे हिंदी होते. दोघेही डॉक्टर, व दोघांचीही नावे आमच्या गिरगावास परिचित. एक प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग व दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. आणखी एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एट्किन. हे स्कॉटिश मिशनऱ्याचे पुत्र. 1851 साली साताऱ्यास जन्मले, मुंबई-पुण्यास शिकले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवीत होते, व पुढे मीठ-जकात खात्यात गेले. ‘ईहा’ ह्या टोपणनावाने त्यांनी घराभोवतालच्या किडामुंगीवर व पाखरांवर अशी विनोदी व बारकाईची पुस्तके लिहिली की, ती आजही वाचावीशी वाटतात. संस्थेच्या 1886 साली सुरू झालेल्या नियतकालिकात वाघ-बिबळ्यांच्या शिकारीच्या व महसीर पकडल्याच्या हकिकतीही विपुल येत. म्हणजे बंदूकवाले व गळवाले असे दोघेही ह्या संस्थेत होते. पण दोघांनीही आपण जे मारतो अथवा धरतो ते आहे तरी काय, हे विचारावे, अशी तेथील शिस्त होती.

अपोलो स्ट्रीटवरील सहा नंबरच्या त्या कार्यालयात सालीम भीतभीतच शिरला. आयुष्यात साहेबाशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग अशा मुलास त्या काळी क्वचित येई. तेथे ‘विल्यम’ नावाचा एक जिवंत धनेश पक्षी पाळलेला होता. 1894 पासून 1920 पर्यंत तो त्या कार्यालयातच राहिला, व आज संस्थेच्या बोधचिन्हावर धनेशच आहे. मिलर्डसाहेबांनी चिमणी हातात घेतली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, आणि मुलास हाकलून न देता एकामागून एक कपाटाचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखविले. ‘ईहा’चे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक वाचावयास दिले. पक्ष्याचे कातडे कसे सोडवावे व नमुना कसा टिकवावा, हे शिकविण्याची व्यवस्था केली. एका मोठ्या माणसाने एका मुलासाठी अर्धा-एक तास खर्च केला, इतकीच ती गोष्ट. ह्या तासाभराचा हिशेब मांडावयास बसले तर तो कोठवर जाईल हे सांगवत नाही.

शाळेत मात्र सालीम अलींची प्रगती बेताचीच होती. प्राथमिक शिक्षणानंतर ते सेंट झेवियर्समध्ये गेले. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांस डोकेदुखीने पछाडले. वर्ग बुडू लागले. कोरड्या हवेचा गुण येईल म्हणून त्यांस सिंधमध्ये नातलगांकडे धाडण्यात आले. 1913 साली मुंबई विश्वविद्यालयाची मॅट्रिक परीक्षा ते कसेबसे उत्तीर्ण झाले. कॉलेजचे पहिलेच वर्ष जड गेले व त्यांनी शिक्षण सोडले. (ही ओळ आमच्या काही विद्यार्थ्यांस फार आवडेल अशी आम्हांस भीती वाटते, त्यांनी कृपा करून पुढेही वाचावे.) घरच्यांनी त्यांस ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रॅम धातूच्या खाणी व लाकडाचा व्यापार पाहावयास पाठविले. व्यापारात लक्ष कितपत लागले हा प्रश्नच. परंतु भोवतालच्या दाट अरण्याने त्यांस पुष्कळ शिकविले. 1917 साली परत आल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब हे विषय शिकण्यास त्यांनी प्रारंभ केला. सेंट झेवियर्स कॉलेजातील जेसुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी ह्या तरुणाचे मन कोठे आहे ते ओळखले व त्यांस प्राणिशास्त्राचा अभ्यास करावयास लावले. 1918 च्या डिसेंबरात त्यांचा विवाह तेहमिना बेगम ह्यांच्याशी झाला.

पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिविज्ञान खात्यात त्यांस नोकरी मिळाली नाही. 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या प्राणिविभागात, येणाऱ्या लोकांस माहिती सांगणारा व्याख्याता म्हणून दरमहा 350 रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांतच त्यांस आपले ज्ञान अपुरे वाटू लागले. 1928 मध्ये रजा काढून ते बर्लिनला गेले व प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान ह्यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. हे गुरू त्यांस आयुष्यभर पुरले. 1930 मध्ये परत येतात तो पैशाच्या टंचाईमुळे म्युझियमने ती जागाच काढून टाकलेली! वय तेहतीस, पदवी नाही, नोकरी नाही, पदरी संसार. अशा वेळी मुंबईत राहणे न परवडून हे जोडपे अलिबागेजवळ किहीम ह्या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले.

किहीमच्या त्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात सुगरणींची घरटी झाडांवर लोंबत असलेली आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. गावाकडे मामाच्या घरी जाणाऱ्या मुलांनी तर खासच. सालीम अलींनी ती पाहावयास घेतली, आणि पाहतच राहिले. महिनोगणती. त्यात त्यांस असे दिसून आले की, घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून ठेवतो. तशा स्थितीत माद्या येऊन घरट्यांची पाहणी करतात. एखादीस ते पसंत पडले म्हणजे तिचा व नराचा जोडा जमतो व नर ते घरटे पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ लागलीच शेजारी दुसरे घरटे विणण्यास घेतो, दुसऱ्या मादीच्या आशेने! ह्यापूर्वी सुगरणीचे घरटे शेकडो लेखकांनी वर्णिले होते. त्यातील संसार मात्र इतका नीट कोणी पाहिला नव्हता. ह्या अभ्यासावरील त्यांच्या लेखाने देशोदेशींच्या पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले.

विद्यार्थिमित्रहो, ह्या ठिकाणी खेतवाडीच्या तबेल्यातील ते टिपण आठवावे. दोन्हींकडे प्रश्न जवळजवळ एकच आहे. पाखरांचे जोडे कसे जमतात व कसे बदलतात? खेतवाडीत त्याचे उत्तर मिळविण्यास आठ चिमण्यांचे प्राण पडले, आणि उत्तर अर्धेच मिळाले. किहीमला बंदूक कामी आली नाही, कारण मेलेला सुगरण पुढे काय करतो हे कधीच दाखवीत नाही.

येथे वाचकांचा गैरसमज होऊ नये. सालीम अलींनी एके दिवशी बंदूक समुद्रात फेकून दिली व ते अहिंसक झाले, अशी गोष्ट रचणे सोपे आहे. ती खरी नाही. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर अशा संस्थानांत त्यांनी 1931 पासून पुढे अनेक वर्षे पक्ष्यांची पाहणी केली. मला वेतन नको, फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्या, अशी त्यांची बोली असे. तेहमिनाबाईही ह्या खडतर प्रवासांत त्यांच्याबरोबर असत. ह्या पाहणीत नमुने गोळा करावे लागत व ते बंदुकीनेच गोळा करीत. त्या काळच्या शास्त्रास ते आवश्यक होते. कामापुरता नमुना घेणे व हौसेखातर ढीग घालणे ह्या दोन गोष्टी त्यांस एक वाटत नसत, इतकेच. ज्यांस हा भेद पुरेसा वाटत नाही अशा वाचकांशी आम्ही वाद घालणार नाही. परंतु त्यांच्या हातचे नमुने कपाटात नसते तर कोणता पक्षी कोठे राहतो हेच कळले नसते, आणि मग राखावयाचे कोणते रान, हेही सांगता आले नसते.

1939 साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई वारल्या. अपत्य नव्हते. सालीम अली बहिणीच्या घरी राहू लागले व त्यांनी स्वतःस कामास वाहून घेतले. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. सामान्य वाचकाने हातात धरून बागेत जावे व समोरच्या पाखराचे नाव शोधावे, असे हे पुस्तक आहे. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली ह्यांच्यासह त्यांनी लिहिलेला दहा खंडांचा मोठा ग्रंथ 1968 ते 1974 ह्या काळात प्रसिद्ध झाला. त्यांचे इतर ग्रंथ, पदव्या व मानसन्मान ह्यांची यादी आम्ही येथे देत नाही. पद्मभूषण 1958 साली व पद्मविभूषण 1976 साली मिळाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मोटारसायकलींचा मात्र त्यांस भारी शोक होता, व 1950 साली स्वीडनमधील पक्षिशास्त्रपरिषदेस जाताना ते आपली सनबीम मोटारसायकल युरोपात घेऊन गेले होते, ही गोष्ट मुलांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता भरतपूरची हकिकत. राजस्थानातील भरतपूरच्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी मुद्दाम पाणी खेळवून एक विस्तीर्ण पाणथळ राखले होते. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची बदके लाखोंनी उतरत, आणि व्हाइसरॉयसारखे पाहुणे बोलावून शिकारीचे सोहळे होत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. त्याच दिवशी सालीम अलींस बेचाळीस वर्षे पुरी झाली, हा निव्वळ योगायोग. पण तो आमच्या मनातून जात नाही. त्या चार हजारांपैकी एखादे बदक कोठून आले होते, किती प्रवास करून आले होते, हे त्या दिवशी तेथे कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या पाणथळाचे पाणी काढून जमीन शेतीस द्यावी अशी मागणी झाली. ती जागा राखण्यासाठी सालीम अलींनी आपले वजन खर्च केले, व ती वाचली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला, आणि त्याचे एक मोठे केंद्र भरतपूर होते. ह्या कामास माणसे कोठून आणावी? बिहारातील मीर शिकारी म्हणून प्रसिद्ध असलेले पिढीजात पारधी आणविण्यात आले. जाळे कसे लावावे, पाखरास इजा न होता ते कसे धरावे, ही विद्या त्यांच्याइतकी कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नव्हते. हे पारधी पक्षी धरीत, त्याच्या पायात अंक व संस्थेचा पत्ता कोरलेले हलके कडे घालण्यात येई, त्याची मापे घेण्यात येत, आणि पक्षी पुन्हा सोडून देण्यात येई. भरतपूरला कडे घातलेली बदके सैबेरियात सापडल्याची पत्रे मुंबईस आली, तेव्हा हजारो मैलांचा तो मार्ग प्रथमच कागदावर उतरला. धरलेला मासा पाण्यात सोडता येतो, पाखरू आकाशात सोडता येत नाही, असे आम्ही आरंभी म्हटले होते. पारध्याच्या जाळ्याने ते येथे शक्य करून दाखविले.

भरतपूरच्या ह्या कथेस एक कडू भागही आहे. 1982 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले व भोवतालच्या गावकऱ्यांच्या म्हशींस चराईची बंदी झाली. सालीम अलींचे मत बंदीच्या बाजूने होते. गावकरी चिडले, गोळीबार झाला व काही माणसे प्राणांस मुकली. पुढे त्यांच्याच संस्थेच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे पाहणी करून असे दाखविले की, म्हशी चरेनाशा झाल्यामुळे गवत माजून पाणी झाकले जाते व बदकांस जागा उरत नाही. म्हशी त्या पाणथळाच्या शत्रू नव्हत्या. थोर माणसाचे अनुमान चुकू शकते. त्यांचीच शिकवण घेतलेल्या लोकांनी डोळे उघडे ठेवून ते दुरुस्त केले, ह्यात त्यांची मानहानी आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांस मात्र ह्या दुरुस्तीचा काय उपयोग, हा प्रश्न राहतोच.

शिकारीचे कायदेही ह्याच काळात बदलले. मुंबई राज्यात 1951 साली वन्य प्राणी व वन्य पक्षी ह्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो घडविण्यात सालीम अलींचे आप्त व स्वतः पक्षिशास्त्रज्ञ असलेले हुमायून अब्दुलअली ह्यांचा मोठा वाटा होता. 1972 साली सबंध देशासाठी वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा आला व हौशी शिकाऱ्याची बंदूक खुंटीवर गेली. गळ अजून टिकून आहे. हिमालयातील ओढ्यांवर परवाना काढून ट्राउट धरता येतो, व पुष्कळ जण तो सोडून देतात.

त्यांस मिळालेले जे. पॉल गेटी पारितोषिक फार मोठ्या रकमेचे होते. ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीस दिली. 1985 साली ते राज्यसभेचे नियुक्त सभासद झाले. त्याच वर्षी भरतपूरच्या पाणथळाची जागतिक वारशाच्या स्थळांत गणना झाली, आणि त्याच वर्षी सालीम अलींचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या नावात त्यांनी चिमणीच्या पडण्याचा निर्देश केला आहे. शुभवर्तमानातील चिमण्यांचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असल्यामुळे त्या नावाचा अर्थ त्यांस निराळा सांगावयास नको. मात्र सालीम अलींच्या मनात अर्थातच खेतवाडीची ती पिवळ्या गळ्याची चिमणी प्रथम असली पाहिजे. 1987 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते मुंबईतच वारले. शेवटपर्यंत त्यांच्या गळ्यात दुर्बीण असे, आणि हाताशी टिपणवही.